मोड आलेला हत्ती

स्वरदाच्या हातात एक मोदक होता आणि दुसरा नुकताच तोंडात गेला होता. तरीही तिचं वाक्य डनेडिनच्या अख्ख्या मराठी मंडळाला लख्ख ऐकू गेलं.

“यंदाचा भोंडला आमच्या लॉनवर!”

गणपतीची आरती आटोपून सगळे सुलभाकाकूंच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसले होते. विषय चालला होता नवरात्रातल्या भोंडल्याचा, आणि तो दरवर्षीसारखा हॉलमध्येच करायचा हे जवळजवळ ठरलंच होतं. गेल्या वर्षीचे फोटो स्वरदाने ग्रुपवर पाहिले होते. गुळगुळीत फरशी, तिच्यावर बॅडमिंटनच्या रेघा, डोक्यावर ट्यूबलाइट, आणि मधोमध पाटावर काढलेला हत्ती, बिचारा सामन्याच्या पंचासारखा अवघडून बसलेला. त्याच्याभोवती फेर धरलेल्या बायकांचे पाय मोज्यांत. मोज्यांत! ते बघून ‘हा कसला भोंडला!’ असं स्वरदाच्या मनात आलं होतं, आणि आज ते वाक्य होऊन बाहेर पडलं.

चाळीस माणसं तिच्याकडे वळून बघायला लागली.

मे महिन्यापर्यंतची, म्हणजे याच देशातल्या हॅमिल्टनला राहणारी स्वरदा असती, तर तिथल्या तिथे मोदकासकट विरघळून गेली असती. ती स्वरदा मराठी काकूंच्या कुठल्याही प्रश्नाला ‘गुड, थँक्यू’ एवढंच उत्तर देई. पण डनेडिनला आल्यावर नव्या शाळेत तिने धाडस करून वादविवादाच्या टीममध्ये नाव दिलं, पहिल्याच स्पर्धेत तीन मिनिटं सलग बोलली, आणि तिला एक थोर शोध लागला: आपण मोठ्याने बोललो तर लोक ऐकतात, आणि त्यात कुणी मरत नाही. तेव्हापासून पंधरा वर्षांची तुंबलेली बडबड धरणाचे दरवाजे उघडल्यासारखी वाहत होती. आणि मराठीतसुद्धा!

“तुमच्याकडे लॉन आहे?” सुलभाकाकूंनी विचारलं. हॉस्पिटलच्या फार्मसीत तीस वर्षं काढलेल्या सुलभाकाकू साधा प्रश्नही औषधाचा डोस सांगितल्यासारखा विचारायच्या.

“आहे ना! म्हणजे, होतंय. बाबांनी पेरलंय. भोंडल्यापर्यंत हिरवंगार होणार. हीप्स ऑफ गवत!”

“माझा शब्द आहे म्हण.”

“माझा शब्द आहे,” स्वरदा म्हणाली, आणि मोदक गिळला.

कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आईने, अनुयाने, कपाळावर हात मारला. बाबांची छाती मात्र दोन इंच फुगली.

या बाबांचं, म्हणजे इंद्रनीलचं, लॉनप्रकरण काय होतं ते सांगितलंच पाहिजे. पुण्यात असताना तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबांनी कधी तुळशीलाही पाणी घातलं नव्हतं. हॅमिल्टनला नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली, तिथे घरमालकाचा माणूस पंधरा दिवसांनी गवत कापायचा मोअर घेऊन येई आणि बाबा काचेआडून लॅपटॉपवर काम करता करता त्याला अंगठा उंचावून दाद देत. मग आईला इथल्या हॉस्पिटलात नर्सची मोठी जागा मिळाली, आणि डोंगरउतारावरचं, पुढे-मागे अंगण असलेलं स्वतःचं घर झालं. शनिवारी दरीतल्या प्रत्येक घरातून मोअरची घरघर ऐकू यायला लागली, तसं बाबांना वाटायला लागलं की आपणच तेवढे मागे राहिलोय.

त्यांचे गुरू होते प्रमोदकाका. बाबांचे थोरले भाऊ, कॅनडात कॅल्गरीला राहणारे. उणे तीस तापमान सोसून जून महिन्यात गालिच्यासारखं उठणारं त्यांचं लॉन म्हणजे कुटुंबाच्या ग्रुपवरचं देवस्थानच. काकांनी धाकट्या भावासाठी खास टिपण पाठवलं. त्यातले दोन नियम ठळक अक्षरांत होते. थंड प्रदेशात पेरणी ऑगस्टअखेर, जमीन उन्हाने तापलेली असताना. आणि जागा घराच्या दक्षिणेची, कारण दिवसभर ऊन तिथेच.

बाबांना पटायला काही अडचण आली नाही. पुण्यातही त्यांच्या आईची पापड-कुरडयांची वाळवणं दक्षिणेच्या गच्चीतच पडायची. शिवाय दादाचं ऐकायची सवय लहानपणापासूनची. त्यांनी दक्षिणेकडचं, म्हणजे मागचं, अंगण अख्खं उकरलं. जुनं गवत मुळासकट काढलं, माती भुसभुशीत केली, दंताळ्याने सपाट केली, भाड्याने आणलेला रोलर फिरवला, आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बी पेरून हात जोडले. पुढचं अंगण मात्र त्यांनी बघितलंही नाही. तिथे डेझीची फुलं आणि शेवाळ मिसळलेलं जुनं खरबरीत गवत होतं, आणि मधोमध एक मोठं गोल टक्कल. आधीच्या मालकांच्या पोरांचं ट्रॅम्पोलिन तिथे दहा वर्षं उभं होतं, त्याच्याखाली गवताचं पातंही उरलं नव्हतं.

पेरणीला चौदा दिवस झाले. मग एकवीस. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभे राहत.

“काही दिसतंय का गं?”

“माती दिसतेय, बाबा.”

“अगं नीट बघ. एका बाजूने, वाकून.”

“वाकूनही माती दिसतेय.”

चिमण्या तेवढ्या दिवसेंदिवस गुबगुबीत होत चालल्या होत्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे सरकली आणि सकाळी अकराला सुलभाकाकू दारात उभ्या राहिल्या. जागा बघायला. कुणी बोलावलं नव्हतं, पण औषधाची मुदत तपासायला फार्मासिस्टला बोलवावं लागत नाही.

स्वरदा त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. काकूंनी बघितलं. काळी ओली माती, तिच्यावर पांढऱ्या हिमाचा पापुद्रा. अकरा वाजले तरी विरघळला नव्हता. एका खळग्यात साचलेल्या पाण्यावर बर्फाची काच. काकूंनी बुटाच्या टाचेने ती टचकन फोडली.

“हे तुझं लॉन?”

“काकू, येतंय ते. थोडं लाजाळू आहे.”

“लाजाळू नाही, बाळा. कोमात आहे.” काकूंनी चष्मा पुसला. “पुढे काय आहे?”

पुढच्या अंगणात त्या गोल टकलाच्या काठावर थांबल्या. पावसाने तिथे चिखलाची खीर झाली होती. “खड्ड्याभोवती फेर धरायचा? एखादी सिल्कची साडी यात गेली, तर तुझं नाव मंडळाच्या इतिहासात राहील.” मग आवाज जरा खाली आला. “हे बघ स्वरदा, तू बोललीस ते मला आवडलं होतं. पण तीन आठवडेच आहेत. हॉल मी धरून ठेवते. पुढच्या आठवड्यापर्यंत मध्ये काहीतरी बघण्यासारखं झालं तर सांग, नाहीतर भोंडला हॉलमध्ये. उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. मुली उत्साहात बोलून जातात.”

मुली उत्साहात बोलून जातात! काकूंची गाडी वळणाआड गेली तरी ते वाक्य कानात डासासारखं गुणगुणत राहिलं. म्हणजे आता तिने शब्द पाळला नाही, तर पुढच्या वेळी ती काही बोलली की सगळे गोड हसणार आणि म्हणणार, स्वरदा ना, हो हो, बोलते ती. त्यापेक्षा ‘गुड, थँक्यू’ परवडलं असतं.

ती मागच्या अंगणात येऊन मातीच्या एका ढेकळाला लाथ मारणार, इतक्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

“किया ओरा, पोरी! तुझ्या बाबांनी ही जागा कशासाठी निवडली? घरचा फ्रीजर बिघडलाय का?”

ही शेजारची बेव्ह. वय ऐंशी, उंची पाच फुटाला कमी, डोक्यावर लोकरीची टोपी. लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबची हिरवळ तिने वीस वर्षं सांभाळली होती. ‘किया ओरा’ हा इथला नमस्कार सोडला, तर बेव्ह अर्थातच इंग्रजीत बोलायची, पण इतकं रसाळ की मराठीत आणल्यावाचून राहवत नाही.

“बाबा म्हणतात दक्षिणेला ऊन असतं,” स्वरदा म्हणाली.

बेव्ह हसली. हसता हसता खोकली. खोकताना कुंपण धरलं. “असतं ना! अंटार्क्टिकाच्या पेंग्विनला विचार. अगं राणी, आपण दक्षिण गोलार्धात आहोत, आपल्याकडे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. या मागच्या अंगणावर तुमच्याच घराची सावली पडते. नोव्हेंबर उजाडल्याशिवाय इथे ऊन डोकावायचं नाही. आणि ऑगस्टात कोणी बी पेरतं का? जमीन बर्फाची लादी असते. मला वाटलं, तुमच्यात तशी पद्धत असेल, म्हणून बोलले नाही.”

स्वरदाने वर बघितलं. घर. घरामागे लपलेला सूर्य. पायाखाली घराची लांबच लांब गारेगार सावली. पुढच्या अंगणात डेझी फुलल्यात आणि इथे बर्फ. चार महिने हे सगळं डोळ्यांसमोर होतं! ती धावतच घरात गेली.

घरात बाबा नेमके प्रमोदकाकांशी व्हिडिओ कॉलवर होते. काकांकडे शनिवारची संध्याकाळ होती आणि ते आपल्या देवस्थानात दंताळं घेऊन उभे होते.

“इंद्या, खत कमी पडलं असणार,” काका सांगत होते. “नायट्रोजन दे त्याला. आणि पाणी. अरे, जमीन तापलेली असते ना—”

“काका,” स्वरदा बाबांच्या खांद्यावरून फोनमध्ये घुसली, “तुमच्या मागची झाडं पिवळी का झालीत?”

“ये गं ये! पिवळी म्हणजे, फॉल नाही का आमच्याकडे. पानगळ. बघ किती पाला पडलाय.”

स्वरदाने फोन बाबांच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीकडे वळवला. बेव्हच्या अंगणातलं चेरीचं झाड नखशिखांत गुलाबी फुलांनी बहरलं होतं.

“आणि आमच्याकडचं झाड असं का आहे, काका?”

काकांच्या मागे एक पिवळं पान सावकाश खाली आलं.

“इंद्या,” काका शेवटी म्हणाले, “तुमच्याकडे उलटं असतं हे तू मला सांगितलं नाहीस!”

“दादा, तू विचारलं नाहीस!”

“अरे पण तू तिथे राहतोस! नऊ वर्षं! डिसेंबरात चड्डी घालून समुद्रावर फिरतानाचे फोटो टाकतोस!”

“ते वेगळं रे. ते फिरणं आहे. हे पेरणीचं शास्त्र आहे, मला वाटलं शास्त्र सगळीकडे सारखं.”

“आणि ऊन,” स्वरदाने दुसरा बार उडवला, “इथे उत्तरेकडून येतं. दक्षिणेला पेंग्विन असतात.”

आई दारात उभी होती, रात्रपाळी करून आलेली, झोपेतून उठलेली. तिला पहिल्यांदा हसू आवरेना, मग उभं राहवेना, मग ती सरळ जमिनीवरच बसली. बाबांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनाही ते आलं, ते पोटातून येणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. कॅल्गरीत काकाही दंताळ्याला टेकून हसत होते. दोन खंडांत मिळून तीन मोठी माणसं पाच मिनिटं निकामी झाली होती.

हसून झालं, पण लॉनचं काय? बाबा बेव्हकडे सल्ला मागायला गेले आणि हिरमुसून परत आले. आता पुढच्या अंगणात पेरलं तरी अशा गार जमिनीत कोंब वर यायलाच अडीच-तीन आठवडे. आणि नव्या गवतावर सहा आठवडे पाय ठेवायचा नाही, हा बेव्हचा कायदा.

“फोन करून सांगू का सुलभाताईंना?” बाबांनी हळूच विचारलं. “चूक माझी आहे. तसं सांगतो. तुझं नाव नाही घेणार.”

“थांबा ना, बाबा!”

“बेटा, बियाणं काय आपलं ऐकतं?”

स्वरदा टॉवेल घ्यायला गेली. टॉवेल कोंबट कपाटात असत. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते, त्या उबेत लोक टॉवेल-चादरी ठेवतात. रडू आलंच तर टॉवेलमध्ये रडावं, असा तिचा विचार होता. कपाट उघडून तिने वरच्या फळीवरचा टॉवेल ओढला, तर त्याच्याबरोबर एक ओलसर, उबदार गाठोडं धप्पकन तिच्या खांद्यावर पडलं.

मटकी! आईने परवा रात्री भिजत घातलेली. डनेडिनच्या स्वयंपाकघरात मटकीला मोड यायला आठवडा लागायचा, म्हणून आई ती पंच्यात बांधून या कपाटात ठेवायची. गाठोड्याच्या विणीतून पांढरे मोड बाहेर आले होते, बोटभर लांब, टवटवीत, जणू काय घाई आहे यांना.

स्वरदा बघत राहिली. मग ती ओरडली, आणि कशी ओरडली! आईला वाटलं टाकी फुटली.

“आई! गवताला मोड येतात का?”

“काय?”

“मटकीसारखे! भिजवायचं, बांधायचं, इथे ठेवायचं. जमीन गार आहे ना? मग जमिनीत कशाला उगवू द्यायचं? कपाटात उगवू दे! मोड आल्यावर पेरू!”

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे. “बीच ते,” आई सावकाश म्हणाली. “मटकीला येतात, मेथीला येतात, तर याला काय धाड भरलीय?”

स्वरदा पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून कुंपणाकडे सुटलीसुद्धा. बेव्हने ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “स्पर्धेच्या आधी हिरवळीला टक्कल पडलं की आम्ही हेच करायचो. गोणपाटात. तुला कुणी सांगितलं?”

“मटकीने!”

“कोण ही मटकी? हुशार बाई दिसते.” बेव्हने टोपी सारखी केली. “पण पाय ठेवायचा नाही, तो नियम तोच. कोवळ्या गवतावर चाळीस बायका नाचल्या तर संध्याकाळी चटणी उरेल.”

“पण मध्ये कुणी नाचतच नाही!” स्वरदा म्हणाली आणि स्वतःच थबकली. मध्ये कुणी नाचत नाही. फेर बाहेरून. मध्ये फक्त हत्ती. आणि पुढच्या अंगणात, बरोबर मधोमध, चार हात रुंद, उन्हात लोळणारं गोल टक्कल.

“बेव्ह,” ती कुजबुजली, “मला हत्ती पेरायचाय.”

“स्वीट ॲज,” बेव्ह म्हणाली, म्हणजे ‘झकास’. डनेडिनच्या माणसाला आश्चर्य वाटलं तरी तो एवढंच म्हणतो.

उरलेलं अर्धी पिशवी बी आईच्या पंच्यात बांधलं गेलं. एक दिवस भिजत, मग कपाटात. आता सूत्रं आईकडे होती. “पाणी पूर्ण निथळू दे. सकाळ-संध्याकाळ धू. नाहीतर आंबूस वास मारेल आणि टॉवेलनाही लागेल.” बाबा, ज्यांनी मटकी फक्त मिसळीत पाहिली होती, दर दोन तासांनी कपाट उघडून गाठोड्याला हात लावून बघायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. “इंद्रनील, दार लाव, ऊब जाते!” आई झोपेतूनसुद्धा ओरडायची. चौथ्या दिवशी स्वरदाने गाठ सोडली. प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा, सुईच्या अग्राएवढा मोड.

“आले,” बाबा म्हणाले. आणि त्यांनी ते गाठोडं दोन्ही हातांत अलगद उचलून धरलं.

शनिवारी हत्ती पेरला. टकलातला चिखल उपसून बेव्हने दिलेली चाळलेली माती भरली. बाबांनी कागदावर चौकटी आखून मोजमापाचा हत्ती काढून आणला होता, पण स्वरदाने तांदळाच्या पिठाची पुडी घेतली आणि सरळ मातीवरच काढला. पाठ, डोकं, सुपासारखा कान, चार पाय, सोंड वर.

“सोंड लहान वाटते.”

“बाबा, आता तुम्ही दिशा सांगायच्या नाहीत.”

मोड आलेलं बी हाताला चिकटत होतं म्हणून वाळूत कालवलं, आणि तिघांनी गुडघ्यांवर बसून, चिमटी चिमटीने, पिठाच्या रेघांच्या आत पसरलं. वरून मातीची पातळ दुलई. चिमण्या कुंपणावर येऊन बसल्याच होत्या. त्यांच्या नाकावर टिच्चून आईने आपल्या दोन जुन्या वायल साड्या वर ताणून खुंट्यांनी पक्क्या केल्या. रस्त्याने जाणारे लोक गाडी हळू करून बघत. हिरव्या फुलांच्या साडीखाली काय झोपलंय?

मंगळवारी दुपारी गारा पडल्या. स्वरदा शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला होती. खिडकीवर ताडताड आवाज सुरू झाला आणि तिचं काळीज हत्तीच्या पाठीवर जाऊन बसलं. शाळा सुटताच ती बसच्या आधी पळत चढण चढून घरी आली. साड्या गारांच्या वजनाने मातीला टेकल्या होत्या, उताराच्या बाजूने पाण्याचे ओघळ गेले होते. तिने साडीची कड उचलली. माती. फक्त माती. काही ठिकाणी बी वाहून एकीकडे गोळा झालेलं.

“दोन दिवस थांब,” आई म्हणाली. “पेशंट डोळे मिटून पडलाय म्हणजे गेला असं नसतं.”

सुलभाकाकूंचा मेसेज आला: ‘मग? हॉल कायम करू?’ स्वरदाने अंगठे फोनवर धरले, काढले, पुन्हा धरले. मग लिहिलं: ‘शुक्रवारपर्यंत थांबा ना, काकू. प्लीज.’ उत्तर आलं: ‘शुक्रवार. संध्याकाळी पाच.’ डोस ठरला.

बुधवारी काही नाही. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी सकाळी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच स्वरदा ओल्या गवतावर पोटावर आडवी झाली, साडीची कड उचलली आणि एका बाजूने, वाकून, बाबा सांगायचे तशी, बघायला लागली.

हिरवं होतं. पातळ, धुक्यासारखं, वरून बघितलं तर दिसेलच असं नाही, पण आडवं बघितलं की हजारो पोपटी सुया, प्रत्येकीच्या टोकावर पाण्याचा थेंब.

“बाबाऽऽऽ!”

बाबा कामाच्या मीटिंगमधून हेडफोन गळ्यात घेऊन धावत आले आणि तेही शर्टासकट शेजारी आडवे झाले. रस्त्यावरच्या पोस्टमनला वाटलं दोघांना काहीतरी झालं, तो विचारायला आला, आणि त्यालाही वाकून बघावं लागलं. स्वरदाने फोटो काढला आणि काकूंना पाठवला. एक शब्द न लिहिता.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘हे काय आहे?’

‘हत्तीचा पाय,’ स्वरदाने लिहिलं. ‘बाकीचा येतोय.’

पुढचा आठवडाभर तो येतच राहिला. रोज अर्ध्या बोटाने. शाळेतून आल्यावर ती दप्तरही न टाकता आधी त्याला भेटायची.

भोंडल्याच्या रविवारी दुपारी दोन वाजता गाड्यांची रांग लागली. पुढचं अंगण आदल्या दिवशीच्या पावसाने पचपचीत झालं होतं, पण स्वरदाने ग्रुपवर आधीच फर्मान काढलं होतं: गमबूट घालून या. आणि आल्या! पैठणीखाली काळे गमबूट, इरकलीखाली पिवळे, एका मावशींचे तर गुलाबी ठिपक्यांचे. सगळ्या डेझीच्या फुलांवर रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या पायांचे फोटो काढत होत्या. सुलभाकाकू सगळ्यांत शेवटी आल्या. जांभळी साडी, नथ, आणि शेतकऱ्याचे असावेत तसे गुडघ्यापर्यंतचे बूट. त्या टकलाच्या काठावर येऊन थांबल्या. स्वरदाने आईच्या मदतीने साड्या बाजूला ओढल्या.

उन्हात हत्ती चमकला. काळ्या मातीवर पोपटी, दाट, वाऱ्यावर लवलवणारा. पण खरं सांगायचं, तर तो अगदी पिठात काढला होता तसा राहिला नव्हता. गारांच्या पाण्याने बी वाहवलं होतं. दोन पाय एकमेकांना चिकटले होते, आणि शेपटीकडे इतकं बी साठलं होतं की तिथेही एक भक्कम सोंड उगवली होती. दोन्ही बाजूंनी सोंड.

कुणीतरी खुदकन हसलं. स्वरदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काकू हत्तीला फेरी मारून आल्या. वाकून, चष्मा सरकवून बघितलं. “सोंडा किती आहेत याला?”

“दोन,” स्वरदा म्हणाली. आवाज बारीक आला. तिने तो मोठा केला. “दोन, काकू. पावसाने दिली एक.”

“मग हसता काय गं?” काकू बायकांकडे वळल्या. “ऐरावत आहे तो! स्वर्गातला हत्ती साधा असतो का? पुण्याहून इतक्या लांब आलाय, दोन सोंडा लागतातच.” आणि त्यांनी पिशवीतून झेंडूची माळ काढली, ती नेमकी शेपटीकडच्या सोंडेजवळच्या मातीवर ठेवली, पदर खोचला, आणि शेजारच्या मावशींचा हात धरला. “चला. फेर धरा.”

चाळीस जणींचा फेर! केवढा मोठा, टक्कल पोटात घेऊन चहूकडून उरणारा. गमबुटांचा ताल असा पडायला लागला, धप्प-पचक, धप्प-पचक, की दरीतली कुत्री भुंकायला लागली. ज्यांना गाणी येत होती त्या पुढची ओळ सांगत, ज्यांना नव्हती येत त्या शेवटचा शब्द ओढत. बेव्ह टोपीसकट फेरात होती आणि सगळ्यांत खणखणीत तीच गात होती, भाषा कोणती ते कुणी विचारू नये. बाबा खुर्चीवर उभं राहून प्रमोदकाकांना सगळं फोनवर दाखवत होते.

मग खिरापत ओळखायची वेळ आली. बेव्हने झाकलेला डबा पुढे केला. “गोड की तिखट?” “तिखट... म्हणजे खारट.” “वाजतंय का?” “वाजत नाही.” शंकरपाळी झाली, अळूवडी झाली, सुरळीच्या वड्यांपर्यंत गाडी आली तेव्हा बेव्हने झाकण काढलं. पावाची गुंडाळी, आत वितळलेलं चीज आणि कांदा, इथल्या प्रत्येक घरात होणारे चीज रोल. “सुरळीच्या वडीच्या जवळ होते मी!” म्हणून एक काकू भांडली आणि तिने दोन जास्तीचे मिळवले.

आणि पाऊस आला. डोंगरावरून उतरत, काहीही न विचारता, आधी चार थेंब, मग सरळ रपरप. फेर सैल झाला. कुणी पदर डोक्यावर घेतला, कुणी मुलांना हाका मारल्या. “हॉल मिळेल का आत्ता?” मागून कुणीतरी विचारलं. “पाच मिनिटांवर तर आहे.”

सगळ्यांनी सवयीने सुलभाकाकूंकडे बघितलं. काकूंच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

“मला काय विचारता? भोंडला तिचा आहे. काय गं स्वरदा, काय करायचं?”

चाळीस माणसं तिच्याकडे वळली. पावसात, गमबुटांत, भिजलेल्या पैठण्यांत. स्वरदाने एकदा हत्तीकडे बघितलं. तो तर पावसाने दुप्पट हिरवा झाला होता.

“फेर मोडायचा नाही!” ती अशी ओरडली की रस्त्यापलीकडच्या घराची खिडकी उघडली. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने पुढचं गाणं उचललं. फार वरच्या पट्टीत उचललं, इतक्या वरच्या की दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, आणि ती हसत सुटली, पण एका बाजूने आईने ती पट्टी पकडली, दुसऱ्या बाजूने काकूंनी, आणि तिच्या दोन्ही हातांना दोन ओले हात घट्ट धरून ओढायला लागले, गोल, गोल, धप्प-पचक.